नगरपालिकेतील जोतीरावांची हरकत

क्रांतिबा जोतीराव फुले यांचे नाव घेतले की मुलींची पहिली शाळा, सत्यशोधक समाज आणि गुलामगिरी हा ग्रंथ आपल्या डोळ्यांपुढे येतो. ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला गावोगावी व्याख्याने होतात, त्यांतही बहुधा एवढेच सांगितले जाते. ते योग्यच आहे. पण जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते, सहा वर्षे त्या सभागृहात बसून शहराचा पैसा कोणासाठी खर्च व्हावा यावर ते भांडत होते, ही बाजू आपल्या व्याख्यानांतून निसटते. आज शहरांचे वीस वीस वर्षांचे विकास आराखडे तयार होतात. नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. आणि आपल्या बहुतेक वस्त्यांतून त्या कार्यालयाकडे कोणी फिरकत नाही. अशा वेळी नगरपालिकेतील जोतीराव समजून घेणे आम्हाला अगत्याचे वाटते.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या धंद्यामुळे फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई मूल लहान असतानाच वारल्या. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले, पण शूद्राच्या पोराला शिकवून काय करायचे, असे कान भरणारे भेटले आणि जोतीरावांच्या हातात पाटीऐवजी खुरपे आले. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली जोतीराव पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. बहुजनाच्या मुलाने शिकायचे की नाही, हे दुसरेच कोणी ठरवितात, हा अनुभव त्यांना असा बालपणीच मिळाला. पुढे नगरपालिकेत आणि सरकारी आयोगापुढे त्यांनी जे मांडले, त्याचे मूळ इथे आहे.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा अपमान झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाई शिक्षिका झाल्या. त्यापायी दोघांना घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. त्यानंतर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या, १८५५ साली रात्रीची शाळा निघाली. १८५२ साली सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार केला. शालजोडी मिळाली म्हणून सरकारचे भाट व्हायचे, असा त्यांचा पिंड नव्हता. पुढची अडतीस वर्षे ते त्याच सरकारला त्याच्या खर्चाचा जाब विचारीत राहिले.

१८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ही घटना आपण समतेचे प्रतीक म्हणून सांगतो. पण तिच्याकडे शहराच्या कारभाराच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. पुणे नगरपालिका १८५७ सालीच स्थापन झाली होती. म्हणजे शहरात पाणी, रस्ते, दिवे पाहणारी संस्था होती, तिच्या तिजोरीत सर्वांच्या करांतून पैसा येत होता, तरीही एका मोठ्या समाजाला पाण्यासाठी एका गृहस्थाच्या घरच्या हौदावर जावे लागत होते. नगरपालिका असणे आणि नगरपालिका आपली असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे जोतीराव त्या सभागृहात पाऊल टाकण्याआधीच ओळखून होते.

आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांना फारशी माहीत नसते. जोतीराव व्यवसायाने कंत्राटदारही होते. पूना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा संबंध होता आणि सरकारी बांधकामांना माल पुरविण्याचा व कामे घेण्याचा धंदा त्यांनी केला. चुना, दगड, मजुरी, मोजमाप, बिले हा सगळा व्यवहार त्यांनी आतून पाहिला होता. बांधकाम खात्यातील कामगारांना कसे लुबाडले जाते, यावर त्यांनी लिहिलेही. त्यामुळे एखादी इमारत शहराच्या शोभेसाठी उभी राहते असे कोणी सांगितले, तर तिच्या मागचा हिशेब त्यांना दिसत असे. ज्या माणसाला बांधकामातून दोन पैसे मिळाले असते, तोच माणूस पुढे शहरातील मोठ्या बांधकामाच्या विरोधात उभा राहिला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१८७३ साली गुलामगिरी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सत्यशोधकांनी अन्नछत्रे चालविली, धनकवडीच्या छावणीत उपाशी मुलांना जेवू घातले. याच सुमारास, १८७६ साली, सरकारने जोतीरावांना पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले. ते १८८२ पर्यंत सभासद होते. त्या काळी आजच्यासारख्या निवडणुका नव्हत्या. प्रतिष्ठित म्हणून सरकार ज्यांना निवडील ते सभासद. सरदार, सावकार, वकील, सरकारी अधिकारी अशांच्या पंक्तीत हा माळ्याचा मुलगा बसला. नेमणूक करणाऱ्याची मर्जी सांभाळावी, अशीच सर्वांची समजूत होती.

ती समजूत जोतीरावांनी मोडली. गव्हर्नर जनरलच्या पुणे भेटीच्या निमित्ताने नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव सभागृहापुढे आला. त्या काळचे हजार रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. अधिकाऱ्यांची इच्छा उघड होती. जोतीरावांनी सुचविले की हा पैसा पुण्यातील गरिबांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावा. मतदान झाले तेव्हा बत्तीस नेमलेल्या सभासदांत विरोधी मत देणारे ते एकटेच निघाले. प्रस्ताव मंजूर झाला, जोतीराव हरले.

हरणार हे त्यांना आधी ठाऊक नव्हते काय? जरूर ठाऊक होते. तरीही त्यांनी मत नोंदविले. एकमताने मंजूर असे त्यांनी सभेच्या कामकाजात लिहू दिले नाही. पुण्याच्या तिजोरीतून शोभेसाठी पैसा गेला, तेव्हा गरिबांच्या मुलांच्या बाजूने एक हरकत नोंदलेली होती, हे आज आपण सांगू शकतो ते त्या एका मतामुळे. ज्या एकतीस जणांनी होकार दिला, त्यांची नावे आज कोणाला आठवतात?

१८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली. जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून त्याला विरोध केला. एकीकडे नगरपालिका लोकांच्या आरोग्यावर खर्च करते आणि दुसरीकडे गरिबांचे संसार धुळीला मिळविणारी दुकाने वाढतात, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. हा विषय त्यांनी नीतीच्या प्रवचनात गुंडाळला नाही. तो शहराच्या कारभाराचा प्रश्न म्हणून लेखी मांडला.

मग आला मंडईचा प्रश्न. पुण्यात भव्य मंडईची इमारत बांधण्याचे ठरले. खर्च लाखोंच्या घरात जाणारा होता. जोतीराव आणि त्यांचे सहकारी हरि रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. शहराला बाजार नको, असे जोतीरावांचे म्हणणे नव्हते. भाजीपाला पिकविणाऱ्या आणि विकणाऱ्या समाजातच ते वाढले होते. प्रश्न होता तो क्रमाचा. शहराजवळ पैसा मोजका असेल तर आधी काय? दगडी मनोरा की गरीब वस्तीतील शाळा? सभागृहाने मनोरा निवडला. १८८६ साली इमारत पुरी झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले. पुढे १९४० च्या आसपास आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्या इमारतीच्या खर्चाला त्यांनी हरकत घेतली, तिच्यावरच त्यांचे नाव लागले. गौरव झाला हे खरे, पण हरकत मात्र विस्मरणात गेली.

१८८२ साल या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने त्या वर्षी दोन मोठ्या गोष्टी केल्या. मे महिन्यात स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीचा ठराव काढला आणि शिक्षणाची स्थिती तपासण्यासाठी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने प्रांतोप्रांती लोकांची मते मागविली, साक्षी घेतल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर देशाच्या पुढील धोरणाविषयी जनतेकडून सूचना मागविल्या. मते देणाऱ्यांत बहुसंख्य कोण असणार? ज्यांच्या घरी शिक्षण आधीच पोचले होते ते. त्यांच्यामध्ये जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले लेखी निवेदन दिले. निवेदनाखाली त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि पेठ जुना गंज येथील नगरपालिका सभासद अशी दिली आहे.

हे निवेदन आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे, कारण सरकारने विचारले असता उत्तर कसे द्यावे याचा तो नमुना आहे. पहिली गोष्ट, त्यांनी पैशाचा उगम सांगितला. सरकारी तिजोरी रयतेच्या घामातून भरते आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. दुसरी गोष्ट, त्यांनी नेमकी मागणी केली. किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि लोकल फंडाचा निम्मा वाटा त्यासाठी द्यावा. तिसरी गोष्ट, त्यांनी आकडे दिले. महार, मांग इत्यादींची मुले जातीच्या विटाळामुळे शाळांबाहेरच राहतात आणि त्यांच्या पाच हजारांवर वस्तीसाठी पुण्यात एकच शाळा असून तीत तीस मुलेही नाहीत, हे त्यांनी आयोगापुढे ठेवले. नुसता अन्यायाचा आक्रोश फायलीत बांधून टाकता येतो. आकडा लिहून दिला की त्याला उत्तर द्यावे लागते.

आणि चौथी गोष्ट सर्वांत धारदार. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, पण शाळांचा कारभार पूर्णपणे नगरपालिकांच्या हाती देऊ नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असे त्यांनी सांगितले. हे सांगणारा माणूस स्वतः नगरपालिकेचा सभासद होता! स्वतःच्या संस्थेचे अधिकार वाढावेत असे कोणाला वाटत नाही? पण जोतीरावांनी ते सभागृह सहा वर्षे आतून पाहिले होते. स्थानिक कारभार लोकांच्या हाती जाणार म्हणजे नेमक्या कोणत्या लोकांच्या हाती जाणार, हा प्रश्न त्यांनी विचारला. स्वराज्य या शब्दाने सगळे भारावले असताना असा प्रश्न विचारायला धैर्य लागते.

आयोगाने काय केले? प्राथमिक शिक्षणाचा कारभार नगरपालिका आणि स्थानिक बोर्डांकडे सोपवावा, अशीच शिफारस केली. सक्तीची मागणी मान्य झाली नाही. म्हणजे इथेही जोतीराव हरले. मात्र त्या मागणीचा पुढचा प्रवास पाहा. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९५० साली संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे निदेशक तत्त्व आले. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. एका नगरपालिका सभासदाचे निवेदन कायद्यात उतरायला सव्वाशे वर्षे लागली. ज्यांनी त्या वर्षी गप्प राहणे पसंत केले, त्यांच्या म्हणण्याचा माग मात्र कुठेही लागत नाही.

जोतीराव नुसती हरकत घेऊन थांबले नाहीत. १८८३ साली लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात त्यांनी शेतीसाठी जणू दीर्घ मुदतीचा आराखडाच मांडला. ताली, बंधारे आणि तळी बांधून पावसाचे पाणी शेतात जिरवावे, त्या कामाला लष्कर व पोलिसांतील रिकामे हात लावावेत, धरणाचे पाणी शेतकऱ्यापर्यंत पोचवावे, जनावरांची पैदास सुधारावी. नको म्हणणाऱ्याजवळ हवे काय याचाही तपशील असला पाहिजे, हे त्यांनी दाखविले.

त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वसा उचलला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत फॅक्टरी कमिशनच्या वेळी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. १८८२ साली एकट्याचे निवेदन होते, दोनच वर्षांत ते हजारोंचे झाले. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि जडजवाहीर घातलेले हे पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, हे त्यांनी राजपुत्राला ऐकविले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतरही पुणे नगरपालिकेशी त्यांचा झगडा संपला नाही. १९२५ साली केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव नगरपालिकेत आणला. त्याला कडवा विरोध झाला. त्या वादात देशाचे दुश्मन ही पुस्तिका निघाली, जेधे-जवळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर खटला झाला, शिक्षा झाल्या. १९२६ साली अपिलात त्यांची बाजू लढवून त्यांना सोडविले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले, हे आपण नेहमी सांगतो. या गुरूचा वकील होण्याची पाळीही त्यांच्यावर आली होती आणि तिचे निमित्त एका नगरपालिकेतील प्रस्तावाचे होते.

बाबासाहेबांनी गुरूची ही रीत पुढे चालविली. १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. सायमन कमिशनवर बहिष्काराची लाट होती. तरी आपल्या समाजाचे म्हणणे नोंदल्यावाचून राहू नये म्हणून टीका सोसून ते गेले. १९३२ साली मुंबई कायदे मंडळात ग्रामपंचायतींच्या विधेयकावर बोलताना त्यांनी जोतीरावांचाच प्रश्न विचारला: गावाच्या हाती सत्ता म्हणजे गावातील कोणाच्या हाती? महाडचा धडाही विसरता येत नाही. तेथील नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी पाण्याला हात लावावा लागला. त्यानंतर ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठरावच मागे घेतला. कागद आणि संघर्ष दोन्ही लागतात. एकाच्या भरवशावर दुसरे सोडून चालत नाही.

आता आजच्याकडे येऊ. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे शहराचा विकास आराखडा तयार होतो. प्रारूप प्रसिद्ध होते, ठरलेल्या मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि मग आराखडा मंजुरीसाठी सरकारकडे जातो. त्या नकाशावरचा एक रंग बदलला की कोणाची वस्ती रस्त्याखाली येते, कोणाच्या शाळेची जागा दुसऱ्याच कामाला जाते. नकाशा कळण्याजोग्या भाषेत नसतो, जाहिरात बारीक अक्षरांत छापलेली असते आणि मोलमजुरी करणाऱ्याला सुनावणीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. ही व्यवस्था आपल्या सोयीची नाही, हे आम्हालाही मान्य आहे. शिवाय २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई, पुण्यासह बहुतेक महापालिकांत निवडून आलेले सभागृहच नव्हते, प्रशासकाच्या हाती कारभार होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने दिलेल्या राखीव जागाही त्या काळात रिकाम्याच राहिल्या.

पण म्हणून हरकत घेणे सोडायचे काय? २०१५ साली मुंबईच्या प्रारूप आराखड्यावर हजारोंनी हरकती घेतल्या, तेव्हा सरकारला तो मागे घेऊन नव्याने करायला लावावा लागला. संख्येचा धाक असतो. जयंतीच्या मिरवणुकीला एका वस्तीतून हजार माणसे निघतात. त्या हजारांनी आपल्या वस्तीचा नकाशा मागून घेतला, मुदतीत लेखी हरकत दिली, पोच घेतली आणि सुनावणीला पन्नास जण जरी गेले, तरी कोणत्याही अधिकाऱ्याला त्या वस्तीवरून डोळे मिटून रेघ ओढता येणार नाही. हरकतीत काय लिहायचे तेही जोतीरावांनी शिकविले आहे. पैसा कोणाचा आणि कोणावर जातो ते लिहावे. आपल्या वस्तीत माणसे किती, शाळा किती, नळ किती, शौचालये किती ते मोजून लिहावे. नको काय ते लिहावे आणि हवे काय तेही लिहावे. कारभार कोणाच्या हाती राहणार, हे विचारावे.

आमच्या वसाहतींत शिकलेली मुले-मुली आता कमी नाहीत. वकील आहेत, अभियंते आहेत, नगररचना शिकलेलेही आहेत. विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर नकाशा पसरून बसायला त्यांना कोणी अडविलेले नाही. जोतीरावांजवळ तर त्या सभागृहात अनुमोदन देणारा दुसरा सभासदही नेहमी नसे. आपल्याजवळ आज संविधान आहे, मताचा अधिकार आहे, माहितीचा अधिकार आहे. एवढे असूनही मुदत संपल्यावर आपण मोर्चा काढणार असू, तर दोष केवळ मनुवाद्यांना देऊन भागणार नाही. पुढचा आराखडा ज्या दिवशी जाहीर होईल, त्या दिवशी प्रत्येक वस्तीतून पहिली हरकत गेली पाहिजे. बत्तीसांत एकट्याने मत देणाऱ्या महात्म्याला तेच खरे अभिवादन ठरेल.

जय जोती! जय भीम!